तीन मोर

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मराठी शब्दांवर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपलं. आभार मानायला उठलेल्या चिटणिसांना हातानेच थांबवून मागच्या रांगेतले एक काका उभे राहिले. हातात वहीचं चार घड्या घातलेलं पान. म्हणाले, "सर, आयर्लंडात 'मोर' म्हणजे मोठा. आपल्याकडे मोरे आडनाव आहे. म्हणजे मोरे ते मोठे, आणि शब्द इथूनच तिकडे गेला, हे सिद्ध होतं की नाही?" टाळ्या पडल्या. माझ्या तासाभराच्या बोलण्याला पडल्या नव्हत्या तेवढ्या.

मी घाईत उत्तर दिलं, "काका, चेक भाषेत 'मोर' म्हणजे प्लेग. मग तोही आपणच पाठवला म्हणायचा का?" लोक हसले, काका बसले. परतीच्या एसटीत मात्र मला माझंच उत्तर टोचत राहिलं. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत गप्प केल्याने तो काही शिकत नाही, हे एक. पण त्याहून वाईट म्हणजे, थट्टेसाठी मी जो शब्द उचलला होता तोच नेमका आपल्या नात्यातला होता. काकांचा आयरिश मोर मराठीला फार लांबचा. माझा चेक मोर मात्र घरचाच. आम्ही दोघेही कानाला काय ऐकू येतं त्यावर बोलत होतो. काकांचा निष्कर्ष चुकला होता आणि माझा विनोद.

आधी हे तीन मोर नीट ओळखून घेऊ.

आयरिश 'मोर'मधला ओ लांबवून म्हणायचा; लिहिताना त्यावर तिरपी रेघ देतात. अर्थ सरळ: मोठा. अटलांटिकमधल्या अरन बेटांतलं सगळ्यात मोठं बेट ते इनिश मोर. स्त्रीलिंगी नामानंतर आला की याच शब्दाचा पहिला ध्वनी मऊ पडतो आणि तो 'व्होर'सारखा ऐकू येतो. म्हणजे आयर्लंडच्या नकाशावर तो दोन वेशांत हिंडतो. सगळ्यात दुखऱ्या जागी तो येतो तो 'अन गोर्ता मोर' या नावात. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचं पीक करप्याने गेलं, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तेवढीच देश सोडून गेली, त्या दुष्काळाचं हे नाव. शब्दशः अर्थ 'मोठी भूक'.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सापळा इथेच आहे. त्या दुष्काळात उपासमारीपेक्षा टायफस, हगवण अशा साथींनी जास्त माणसं गेली. आता चेक येणारा एखादा उत्साही गृहस्थ म्हणेल, "बघा, गोर्ता म्हणजे भूक आणि मोर म्हणजे साथ! भूक आणि साथ! नावातच लिहिलंय!" किती चपखल बसतं पाहा. अर्थ जुळतो, इतिहास जुळतो, उच्चारही जवळपास जुळतो. आणि तरी ते साफ चूक आहे. तिथला मोर म्हणजे फक्त 'मोठी'. चपखल बसणं हा खरेपणाचा दाखला नव्हे, हे इतक्या स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

चेक 'मोर' आखूड ओ-चा. अर्थ प्लेग, महामारी. चेक गावांच्या चौकांत 'मोरोवी स्लोउप', म्हणजे प्लेगचे खांब उभे आहेत. साथ ओसरल्यावर नवस फेडावा तसे ते उभारले गेले. ओलोमोउत्स शहराच्या खालच्या चौकातला मरियमचा खांब त्यांतलाच, अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या साथीनंतरचा. शब्द जुना असला तरी मेलेला नाही. डुकरांना होणाऱ्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरला आजच्या चेक बातम्यांत 'आफ्रित्स्की मोर प्रासात' म्हणतात, डुकरांचा आफ्रिकी मोर.

या मोराच्या मागे चेकमध्ये क्रियापदांची एक जोडी आहे: 'म्र्झीत' म्हणजे मरणे आणि 'मोर्झित' म्हणजे मरणाला लावणे, जेरीस आणणे. ही जोडी मराठी माणसाला ओळखीची वाटायला हवी. मरणे–मारणे. नुसता अर्थ सारखा नाही, घडणही तीच आहे: एका धातूचा स्वर बदलून 'स्वतः करणे'चं 'करायला लावणे' झालं. चेकने तो बदल ओ-ने दाखवला, आपण आ-ने. आणि साथीला जुने लोक काय म्हणायचे? मरी. 'गावात मरी आली.' चेक खेड्यातली म्हातारी आणि सोलापुराकडची म्हातारी यांनी एकाच संकटाला एकाच धातूतून नाव दिलं. कोणी कोणाकडून उचललं नाही. दोघींना ते एकाच कुळातून वारशाने आलं, तेही इतक्या जुन्या काळात की तेव्हा ना चेक होती, ना मराठी, ना संस्कृत.

मरीआईपर्यंत जायचा मोह इथे होतोच, आणि मलाही झाला. चेक लोक वसंताच्या तोंडावर मोरानाची गवती बाहुली मिरवत नेतात, पेटवतात आणि नदीत टाकतात. आपल्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेत असत. जोडून टाकावं वाटतं. पण 'मरी' या सामान्य नामाबद्दल जेवढी खात्री देता येते तेवढी देवीच्या नावाबद्दल देता येत नाही. दक्षिणेत मारिअम्मा आहे, तमिळमध्ये 'मारि' म्हणजे पाऊस असाही शब्द आहे, आणि त्या देवतेचा पदर कुठून कुठे गेला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून तो गाडा मी शिवेवरच सोडतो.

राहिला आपला मोर, पिसाऱ्याचा. तो संस्कृत 'मयूर'वरून. आणि 'मयूर' बऱ्याच अभ्यासकांच्या मते द्राविडी भाषांतून संस्कृतात आलेला. तमिळमध्ये मोराला मयिल म्हणतात. म्हणजे तीन मोरांपैकी खास आपला म्हणून ज्याचा अभिमान, तो बहुधा पलीकडच्याच घराण्यातून आलेला.

आता मुख्य मुद्दा. दोन भाषांतले शब्द सारखे ऐकू आले म्हणजे नातं सिद्ध होतं, ही आपल्या सार्वजनिक बोलण्यातली सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात पोकळ समजूत आहे. भाषांचं नातं साम्याने सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं नियमित फरकाने.

वाक्य उलटं वाटेल, म्हणून उदाहरण. संस्कृतात दहाला दश, चेकमध्ये देसेत, आयरिशमध्ये देख. शंभरला शत, चेकमध्ये स्तो, आयरिशमध्ये केद. जिथे संस्कृतात श, तिथे चेकमध्ये स, आणि तिथेच आयरिशमध्ये क किंवा त्याच्यापासून झालेला ख. एका शब्दात असं झालं तर योगायोग. पण ही अदलाबदल शब्दामागून शब्दात त्याच जागी, त्याच पद्धतीने होत राहिली की मग योगायोगाला जागा उरत नाही. सारखेपणा उसना आणता येतो. शिस्तीत वेगळं असणं उसनं आणता येत नाही.

दुसरा नियम आयरिशच्या घरचा. आयरिश ज्या शाखेतली त्या केल्टिक भाषांनी जुना प फार पूर्वीच गाळून टाकला. आता 'लान' हा शब्द पाहा. तो चेकमध्येही आहे आणि आयरिशमध्येही. चेक लान म्हणजे शेताचा मोठा पट्टा, जमीन मोजायचं जुनं माप. तो जर्मनमधून, सरंजामी जहागिरीसाठीच्या शब्दावरून आला. आयरिश लान म्हणजे भरलेला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण आयरिश लानच्या पुढे तो गळालेला प परत ठेवून बघा: प्लान. चेकमध्ये भरलेलाला 'प्ल्नी' म्हणतात, संस्कृतात 'पूर्ण'. हे तिघे सख्खे. तसाच आयरिश 'ते', अर्थ गरम. चेकमध्ये 'तेप्ली', आपल्याकडे ताप, तापणे. आयरिशने मधला प गिळला आणि शब्दाचं एक अक्षर उरलं. कानाने शोधणाऱ्याला 'ते' आणि 'ताप' कधीच एकत्र सापडणार नाहीत, आणि दोन 'लान' मात्र तो हटकून एका ताटात बसवील.

मग आयरिश मोराचं चेकमध्ये खरं कोण? उत्तर एका नावात लपलंय: व्लादिमीर. यातला शेवटचा भाग जुन्या रूपात 'म्येर' होता, अर्थ थोर, नामांकित. तो स्लाव्ह लोकांनी (चेक त्यांच्यातलेच) पिढीजात जपला की शेजारच्या गॉथ या जर्मानिक लोकांकडून उचलला यावर वाद आहे, पण मूळ आयरिश मोराचंच. पुढे लोक तो जुना अर्थ विसरले आणि त्या जागी त्यांना 'मीर', म्हणजे शांती किंवा जग, ऐकू येऊ लागलं. म्हणून आज व्लादिमीरचा अर्थ विचारलात तर बहुतेक जण 'जगाचा धनी' असं काहीसं सांगतील. आणि चेक मोराचा आयरिशमधला भाऊ? 'मारव', म्हणजे मेलेला. थोडक्यात, दोन्ही मोर एकमेकांच्या दारावरून रोज जातात पण ओळख नाही; ज्यांच्याशी रक्ताचं नातं आहे ते दुसऱ्याच गल्लीत, दुसऱ्याच वेशात राहतात.

(रोमन लिपीत चेक आणि आयरिश दोघींकडे तीन अक्षरांचा आणखी एक सामाईक शब्द आहे, 'बोद'. चेकमध्ये त्याचा अर्थ बिंदू किंवा सामन्यातला गुण. तो 'टोचणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. आयरिशमध्ये तो पुरुषाच्या अवयवाचं चारचौघांत न घ्यायचं नाव आहे. चेक संघाने बोद मिळवले की आयरिश प्रेक्षकाला काय वाटत असेल ते वाटो.)

साम्य फसवतं हे कळायला खरं तर युरोपात जायचीही गरज नाही. बेकरीत जाऊन 'पाव किलो खारी आणि चार पाव द्या' म्हणा. पहिला पाव संस्कृत 'पाद'वरून, म्हणजे चौथा हिस्सा. दुसरा पोर्तुगीजांनी आणलेला. आणि देवाला 'पाव रे बाबा' म्हणतो तो तिसरा, 'प्र' आणि 'आप्' मिळून झालेला. एका भाषेत, एका दुकानात ही गत असेल, तर हजारो मैल दूरच्या दोन भाषांत दोन शब्द जुळले याचं एवढं नवल कशाला? तोंडातून निघणारे ध्वनी मोजकेच आणि प्रत्येक भाषेत शब्द हजारो. जुळवणी होणारच. झाली नसती तर ते नवल.

लोक म्हणतात, गंमत आहे, करू द्या. त्यातून भाषेवर प्रेम बसतं. मला हे पटत नाही, कारण ही गंमत गंमतीवर थांबत नाही. चेक आणि आयरिश या दोघींनीही हे भोगलंय.

आयर्लंडात चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १७७२मध्ये आयरिशच्या प्राचीनतेवर निबंध छापला आणि ती उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन कार्थेजच्या फिनिशियन लोकांच्या भाषेची नातलग असल्याचं ठरवून टाकलं. प्लॉटसच्या लॅटिन नाटकात कार्थेजी भाषेतल्या काही ओळी येतात, त्या त्याने चक्क आयरिश म्हणून वाचल्या. माणूस आयर्लंडवर प्रेम करणारा होता, आणि हीच पंचाईत. कारण पुढे आयरिश खरोखरच संस्कृत, लॅटिनच्या कुळातली आहे का, हा प्रश्न गंभीरपणे विचारायची वेळ आली तेव्हा असल्या कल्पनांनी तो विषयच विनोदी करून ठेवला होता. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एक असल्याचं म्हटलं तेव्हा केल्टिकचं नाव त्याने जरा हात राखूनच घेतलं. त्यानंतरही आयरिशचं नातं पक्कं व्हायला पन्नासेक वर्षं गेली, कारण ती दिसायला कोणासारखीच नव्हती. १८३८च्या सुमारास फ्रान्त्स बोपने आणि १८५३मध्ये यॉहान कास्पार त्सॉइसने, म्हणजे दोन जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी, ते नियमांनी दाखवून दिलं. पुढे जुन्या आयरिशवर ज्यांनी आयुष्य घातलं त्यांतला व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा माणूस तर १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. दिवसा हिंदुस्थानसाठी कायद्यांचे मसुदे, फावल्या वेळात आयरिश हस्तलिखितांच्या कडेच्या टिपा.

चेकांचं प्रकरण जास्त बोचरं आहे. १८१७मध्ये वाच्लाव हांका याला एका चर्चमध्ये जुन्या चेक काव्याचं हस्तलिखित 'सापडलं', आणि पुढच्या वर्षी त्याहून जुनं म्हणवणारं दुसरं प्रकट झालं. जर्मन साहित्यासमोर मान ताठ करायला चेकांना हवं होतं ते नेमकं हातात आलं. योसेफ दोब्रोव्स्की या स्लाव्हिक अभ्यासाच्या जनकाने दुसऱ्या हस्तलिखिताला तेव्हाच खोटं ठरवलं. त्याचं कोणी ऐकलं नाही. १८८६मध्ये यान गेबाउअर या भाषाशास्त्रज्ञाने व्याकरण तपासून दाखवलं की त्यातली रूपं खऱ्या जुन्या चेकशी जुळत नाहीत, आणि तो लेख ज्या मासिकात आला त्याचा संपादक होता टोमाश मासारिक. दोघांना देशद्रोही ठरवण्यात आलं. मासारिकचं म्हणणं एवढंच होतं की राष्ट्र खोट्या कागदावर उभं राहत नाही. १९१८मध्ये तोच मासारिक चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. हांकाची हस्तलिखितं नसल्यामुळे त्या राष्ट्राचं काही अडलं नाही.

आजही 'आम्ही खरे केल्ट' म्हणणारे हौशी लोक चेक देशात भेटतात. त्यांच्या हातात एकच खरा दुवा आहे: बोयी नावाची केल्टिक जमात तिथे राहायची आणि रोमन लेखनात त्या मुलखाला तिच्यावरून पडलेलं नाव येतं, त्याचं बोहीमिया झालं. गंमत अशी की हे नाव जग वापरतं; चेक माणूस स्वतः त्या प्रदेशाला 'चेखी' म्हणतो.

आपल्याकडे व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिस्त म्हणजे कृष्ण ही शाळा जुनी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून या शाळेला नवा बहर आलाय. दर्जा मिळाला तो शिलालेख, प्राकृत ग्रंथ, जुनं वाङ्मय असल्या पुराव्यांच्या बळावर. साजरा मात्र आपण तो 'जपानीतही मराठी शब्द' असल्या याद्यांनी करतो. खऱ्या पुराव्याशेजारी खोटा ठेवला की दोघांची किंमत खोट्याची होते. उद्या कोणी नाणेघाटाच्या लेखाबद्दल काही सांगू लागला तर ऐकणारा म्हणेल, हे पण त्या यादीतलंच असेल.

'हे नियमबियम पाश्चात्यांचे' असंही एक उत्तर येतं. ते तर सरळ आपल्याच घरच्यांचा अपमान आहे. वररुचीने महाराष्ट्री प्राकृताचं व्याकरण लिहिताना काय केलं? कोणता ध्वनी कुठे आला की त्याचं काय होतं, याची सूत्रं बांधली. 'कगचजतदपयवां प्रायो लोपः', दोन स्वरांच्या मध्ये आले की हे व्यंजन बहुधा गळतात. हा आयरिशच्या गळालेल्या प-सारखाच विचार, कित्येक शतकं आधीचा. त्यातला 'प्रायः' मला फार आवडतो. अभ्यासकाने कुठे हात राखावा ते त्या एका शब्दात आहे. आणि मयूराचा मोर होतो हेही त्याने आपल्या मनाशी ठेवलं नाही, त्यासाठी वेगळं सूत्र दिलं. म्हणजे ज्या शब्दावरून त्या संध्याकाळी टाळ्या पडल्या, त्याचा हिशेब आपल्याच परंपरेत मांडून ठेवलेला होता.

शाळेत आपण तत्सम, तद्भव, देशी अशी लेबलं पाठ करायला लावतो. परीक्षेत 'पुढील शब्दांचे वर्गीकरण करा' विचारतो. पण हे कळलं कसं, हे कोणी विचारत नाही. माझी मागणी मोठी नाही. नववी-दहावीच्या मराठीच्या पुस्तकात एक पाठ असा हवा, ज्यात हस्त–हात, सप्त–सात, कर्म–काम अशा जोड्या समोर ठेवून मुलांनीच नियम शोधायचा: जोडाक्षर मोडलं की मागचा अ लांबतो. मग त्यांना 'रक्त' द्यायचा आणि त्याचा 'रात' का झाला नाही ते विचारायचं. एखादा पोरगा म्हणेल, तो मागाहून परत संस्कृतातून उचललाय म्हणून. त्या पोराला पुढे वाटिका विकता येणार नाही.

काकांना मी पत्र लिहिलं. पत्ता वाचनालयाकडून मिळवला. चारचौघांत केलेल्या थट्टेबद्दल माफी मागितली, मग मरी, म्र्झीत, व्लादिमीर सगळं सविस्तर लिहिलं; सहा पानं झाली. मोरे आडनावाबद्दल एवढंच लिहिलं की ते मोठं करायला आयर्लंडची गरज नाही. महिन्याने पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, मजकूर त्रोटक: पत्र पावले, दोनदा वाचले, मुलालाही दाखवले. खाली ताजा कलम होता: "मग न्हाणीघरातली मोरी कुठली? मी काही धरून चाललेलो नाही. आपण सांगावे."